सूनबाय आत आसा

खुर्ची तशी काही सिंहासन नव्हती. मालवणच्या बंदराजवळ ‘खवणेकर आणि सन्स – बर्फ, जाळी, दोर’ असं दुकान आहे. तिथे नायलॉनच्या दोराची भेंडोळी, बोयांच्या माळा आणि ग्रीसचे डबे यांच्या दाटीतून वाट काढत गेलं की कोपऱ्यात एक कॉम्प्युटर लागायचा आणि त्याच्यापुढे एक लोखंडी खुर्ची. तिचा एक पाय आखूड, म्हणून त्याच्याखाली जाळ्याचं शिसं दाबलेलं. वर जुन्या साडीची चौघडी. पण सुशीला खवणेकर एकदा त्या खुर्चीवर बसली की भर समुद्रात एकमेकांच्या सात पिढ्या उद्धरणारे होड्यांचे तांडेलसुद्धा आवाज खाली आणून विचारायचे, “वैनी, माझा खातां जरा बघशात?” वैनी बघायची. लगेच नाही. आधी चष्मा पुसायची.

हिशेबाचं ते सॉफ्टवेअर तिला कोणी शिकवलं नव्हतं. कॉम्प्युटर विकणाऱ्याने ‘आत सगळं आहे’ एवढंच सांगितलं होतं, आणि तिने एकेक बटण दाबून ते सगळं बाहेर काढलं होतं. पहिल्या वर्षी बर्फ ‘पगार’ या सदराखाली गेला आणि दुकानातला हमाल ‘घसारा’ म्हणून दाखवला गेला; त्याची तब्येत बघता ते फारसं चूकही नव्हतं. पुढे मात्र असा हात बसला की कुडाळचे कराचे वकीलसुद्धा ‘खवणेकरांची पत्रकं’ दुसऱ्या अशिलांना नमुना म्हणून दाखवू लागले. ही गोष्ट घरात कोणी बोलून दाखवत नसे. सुशीलाच अधूनमधून दाखवायची.

तर २००८च्या जूनमध्ये तिच्या नवऱ्याची बदली झाली. शंकर एसटीत वाहतूक नियंत्रक. इतकी वर्षं माइकवर बोलून त्याला घरातही साधं वाक्य बोलता येत नसे. “मालवणहून सुटणारी आपली गाडी आता सावंतवाडीस जाईल,” त्याने जेवताना बायको-लेकीपुढे जाहीर केलं. “प्रियांकाची अकरावी पण थंयच बघूया.”

“आणि दुकान?” सुशीलाने विचारलं.

पुढची घोषणा झाली नाही. माइक बंद पडल्यासारखा तो भात कालवत राहिला.

उत्तर दिराने दिलं. गल्ला, गिऱ्हाईक, बर्फ फोडणं हे सगळं बाबली बघायचा. माणूस वाईट नव्हे. फक्त कुठलीही अडचण त्याला पाच मिनिटांच्या वर उघडी ठेवता येत नसे. “वैनी, तुम्ही कित्याक डोक्याक ताप करून घेतास? कट्टा गावची समीक्षा आसा. बी.कॉम. झालेली. सोमवारपासून येतली.”

‘बी.कॉम.’ या शब्दात त्याने जेवढा आदर ओतला तेवढा सुशीलाच्या वाट्याला दहा वर्षांत मिळून आला नव्हता. ती स्वतः बारावी, आणि तेही इंग्रजीने दुसऱ्या खेपेला सोडलं तेव्हा. तिने सासूकडे बघितलं. चंद्रावतीबाईंनी चाळीस वर्षं डोक्यावर पाटी घेऊन मासळी विकली होती; बंदरावरच्या कुठल्याही भांडणात त्यांचं मत तयार असायचं. पण त्या खलबत्त्यात पान कुटत राहिल्या. ‘सून पाहिजे’ म्हणाल्या नाहीत, ‘नको’ही नाही. सुशीलाला ते कुटणं लागलं.

“दसऱ्यापर्यंत थांबा,” ती म्हणाली. “मी सावंतवाडीत बसान सगळा करतंय. नाय जमला तर दसऱ्याच्या मुहूर्ताक तुमच्या समीक्षाक बसवा.”

कसं करणार, ते तिला ठाऊक नव्हतं. पण असं वाक्य बोलून झाल्यावर माणसाला कसं ते शोधावंच लागतं.

पहिला उपाय शंकरचा, म्हणजे अर्थातच एसटीचा. मालवणात एक रीत आहे: सावंतवाडीला, कुडाळला, अगदी बेळगावला मुलगी दिली असली तरी तिच्या घरी ताजी मासळी पोचते. डब्यात बर्फ घालायचा, वर नाव लिहायचं, कंडक्टरच्या हवाली करायचा. सुशीलाच्या घरी असा डबा येऊ लागलाच होता. त्यातूनच हिशेबाचा पेन ड्राइव्ह पाठवावा, असं ठरलं. बाबलीने तो प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधला आणि बांगड्यांच्या मधे, बर्फात, खोल दडवला. मौल्यवान वस्तू वर कशी ठेवणार. सावंतवाडीच्या घाटीपर्यंत बर्फाचं पाणी झालं. सुशीलाने पेन ड्राइव्ह पुसला, भाताच्या गरम झाकणावर वाळवला, सेकंड हँड कॉम्प्युटरला लावला, आणि नवल म्हणजे तो चालला. त्या कॉम्प्युटरला मात्र पुढे कायमचा बांगड्याचा वास राहिला. वरच्या मजल्यावरून दुपारी वास आला की खाली घरमालक विचारायचे, “वहिनी, आज जेवणात काय, की नुसताच हिशेब?”

वास चालला असता. चाललं नाही ते दुसरंच. सुशीला सावंतवाडीत कालच्या नोंदी करी, तोवर बाबली मालवणात आजची बिलं फाडी. संध्याकाळी तिचा पेन ड्राइव्ह परत जाई आणि तो दुकानच्या कॉम्प्युटरवर उतरवला की बाबलीची आजची बिलं पुसली जात. मग बाबली रागाने स्वतःची प्रत पाठवी, आणि सुशीलाच्या नोंदी पुसल्या जात. दोघंही मन लावून, प्रामाणिकपणे, एकमेकांचं काम पुसत होती. जुलैअखेर खात्यात असं दिसत होतं की मालवण बंदरात महिनाभर कोणी दोराचा एक हातसुद्धा विकत घेतलेला नाही.

तेव्हा नितेश आला. मालवणच्या बाजारात त्याचं मोबाइल आणि कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. हंगामात दशावतारात राजाची कामं. त्यामुळे तो स्क्रूड्रायव्हर मागायचा तेसुद्धा दरबारात मागितल्यासारखा. त्याने सांगितलं की हिशेब इकडून तिकडे नेण्यात अर्थ नाही. हिशेब दुकानातच राहू दे. वैनींनी सावंतवाडीहून फोनच्या तारेतून आत यावं आणि दुकानच्याच कॉम्प्युटरवर काम करावं. पडदा तिकडचा तो इकडे दिसेल, इकडून बाण हलवला की तिकडे हलेल.

“म्हणजे मी खंय बसलंय असा धरूचा?” सुशीलाने विचारलं.

“शरीर सावंतवाडीस,” नितेश हात पसरून म्हणाला, “आणि संचार मालवणी.”

यासाठी दुकानच्या फोनवर ब्रॉडबँड हवं होतं. फोन होता सासऱ्यांच्या नावावर, आणि विठोबा खवणेकरांना जाऊन नऊ वर्षं झाली होती. कचेरीतल्या माणसाने अर्ज बघितला आणि चष्म्यावरून बघत सांगितलं, “अर्जदारांनी स्वतः येऊन सही करायला हवी.”

“ते वारले,” सुशीला म्हणाली.

“मग बिल कोण भरतं?”

“आम्ही. त्यांच्या नावाने.”

“म्हणजे आमच्या दृष्टीने ते चालू ग्राहक आहेत. वारलेत असं त्यांनी कळवायला हवं होतं.”

मग वारसांची संमती, मग संमतीवर दोन साक्षीदार, मग साक्षीदारांचे रहिवासाचे दाखले. तिसऱ्या खेपेला चंद्रावतीबाई स्वतः बरोबर आल्या. सगळं ऐकून घेतलं आणि टेबलावर हात टेकले. “तेंची सही व्हयी ना? बोलवून हाडतंय तेंका. तसो बोलवणारो आमच्या वाडीत आसा. पण एक सांगान ठेवतंय, ते इले तर परत जावचे नाय. तुमच्या हापिसात पंखो आसा, आणि तेंका वाऱ्याची सवय.”

त्या आठवड्यात लाइन मिळाली. सुशीलाला वाटलं, म्हातारी आपल्या बाजूने आहे की काय. पण परतताना चंद्रावतीबाई एवढंच म्हणाल्या, “कट्ट्याचा चेडू रोज एसटीन येतला म्हणतत. एसटीचा काय खरां नाय.” आता याचा अर्थ काय लावायचा? सुशीलाने सावंतवाडीपर्यंत दोन्ही अर्थ लावून बघितले.

नितेशने दुकानात मोडेमचा डबा बसवला. “वैनी, ह्यो द्वारपाल. भायरसून कोणी इलो की इचारतलो, कोण तू, खंयचो, काय काम? तेच्या कानात मी सांगान ठेवलंय, आमची वैनी येतली, तिका थेट आत सोड.” आणखीही दोन सोयी त्याने केल्या. वीज वेळीअवेळी जायची, म्हणून वीज परत आली की कॉम्प्युटर आपोआप सुरू व्हावा. आणि सुरू झाला की पडद्यावर दुकानाचा पत्ता झळकावा. पत्ता म्हणजे घर नंबर नव्हे. टिंबांनी तोडलेले चार आकडे. अडचण अशी, की वीज गेली आणि आली की हा पत्ता बदलायचा. कायमचा पत्ता मिळतो, पण त्यासाठी पुन्हा विठोबा खवणेकरांची सही लागणार होती. तेव्हा रोज सकाळी कोणीतरी तो आकडा बघून सावंतवाडीला फोन करून सांगायचा, असं ठरलं. बाबली सकाळी बर्फात. उरल्या चंद्रावतीबाई.

त्यांना आकडे वाचता येत होते. शाळेत चौथीपर्यंत गेलेल्या, शिवाय फोन आणि कॅलेंडर होतंच. पण हयातभर मासळी विकलेली बाई. तिचा सगळा हिशेब विसांत.

“लिव गो. धा विसा नि तीन. टिंब. मगे भोपळो. टिंब. पाच विसा नि तेरा. टिंब. आणि... थांब, चष्मो खंय गेलो... तीन विसा नि दोन.”

सुशीला सावंतवाडीच्या खिडकीत उभी राहून, रेंज तिथेच असल्यामुळे, मोठ्याने परत म्हणे, “धा विसा नि तीन, भोपळो, पाच विसा नि तेरा, तीन विसा नि दोन. बरोबर?”

“बरोबर. जेवलंस काय?”

“आई, सकाळचे नऊ वाजलेत.”

“मगे न्याहारी केलंस काय?”

खाली ओटीवर घरमालक भाई म्हापसेकर पेपर वाचत बसलेले असत. भाई मोजणी खात्यातून निवृत्त. कॉम्प्युटर आला त्या दिवशी त्यांनी तो कुठल्या दिशेला ठेवावा हे होकायंत्र आणून सांगितलं होतं; तार फणसाच्या बाजूने न नेता माडाच्या बाजूने न्यावी, कारण फणसाचा भरवसा नसतो, असंही मत दिलं होतं. असा अदबशीर माणूस. तो एके दिवशी जिना चढून आला, दार लोटलं, आणि बसा म्हटलं तरी बसेना.

“वहिनी, मी आपला मालक म्हणून नाही, वडीलधारा म्हणून विचारतो. रोज सकाळी हे आकडे येतात, ते मालवणहून ना?”

सुशीलाच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. रोज ठरल्या वेळी फोन, चार आकडे, खिडकीत उभं राहून परत म्हणणं. खवणेकरांच्या सुनेला मटकेवाली समजले. उद्या सामान रस्त्यावर, परवा पेपरात. “भाई, तुमचा काहीतरी गैरसमज होतोय. तो दुकानाचा पत्ता असतो.”

“हो हो, पत्ताच म्हणू,” भाई दबक्या आवाजात म्हणाले. “माझी तक्रार नाही. मी आपला गेला महिनाभर तुमचा शेवटचा आकडा लावतोय. काल तीन विसा नि दोन लावला तर साफ गेला. तेव्हा म्हटलं विचारावं, तो उलटा लावायचा असतो का?”

सुशीलाने त्यांना मोडेम, द्वारपाल, वीज, सगळं समजावलं. भाईंनी मान डोलवून ऐकलं. जाताना दारात थांबून म्हणाले, “तुम्ही सांगू नका. तुमचंही बरोबर आहे. धंद्याची गुपितं असतात.” आणि पुढेही रोज नऊला पेपर खाली ठेवून कान वर करू लागले.

पण काम चाललं. पहिल्यांदा दुकानाचा पडदा सावंतवाडीत उमटला, तेव्हा कोपऱ्यातल्या ग्रीसच्या बोटाच्या डागासकट दिसेल असं तिला उगीचच वाटलं होतं. डाग नव्हता, पण खाती सगळी होती. बाण एक होता आणि हात दोन. ती नोंद करू लागली की बाबलीला बिल करायचं असे. तो बाण उजवीकडे ओढी, ती डावीकडे. पडद्याच्या मध्यावर बाण खेकड्यासारखा तिरका नाचे. मग फोन.

“वैनी, सोडा. गिऱ्हाईक उभा आसा.”

“भावजी, तुम्ही सोडा. माझी एंट्री अर्धी आसा.”

“अर्धीच ऱ्हवांदे. बर्फ पुरो वितळलो.”

यावर तोडगा चंद्रावतीबाईंनी काढला, कोणी विचारलं नसताना. आकडा सांगायला त्या सकाळी खुर्चीपाशी येतच होत्या. आता तिथेच स्टूल घेऊन बसू लागल्या. बाण हलायला लागला की कोणालाही उंदराला हात लावू देत नसत. “हात लावू नको रे. सूनबाय आत आसा.”

“खंय आत?” एखादा तांडेल वाकून बघे. “दिसणा नाय ती.”

“तुका दिसाक कशी व्हयी? बाण हलता ता दिसता ना? मगे ती बसली आसा.”

हे सुशीलाला बाबलीकडून कळलं, तेही तक्रार म्हणून. “आई त्या पडद्याबरोबर बोलता, वैनी. काल सांगी होती, गो, पाठ दुखता तर जरा वायच ऊठ. लोक बघतत.” एक मात्र खरं, की दुपारी मधेच संपर्क तुटायचा. वीज गेली की यूपीएस टीं टीं करायचा, आणि चंद्रावतीबाई तो बंद करून टाकायच्या. “रडता गो तां,” त्यांचं म्हणणं. “बघवना नाय. मगे निजवलंय तेका.” अर्धी नोंद जायची. बाबली ते प्रत्येक वेळी लक्षात ठेवायचा. “दसरो जवळ इलो, वैनी,” एवढंच म्हणायचा, गोड आवाजात. समीक्षाला त्याने पूजेला बोलावलंसुद्धा होतं, दुकान बघून ठेवायला.

आणि खंडेनवमी उजाडली.

त्या दिवशी मालवणात हत्यारांची पूजा. दुकानातला बर्फ फोडायचा टोचा, कोयता, तराजू, जाळी विणायच्या सुया, बाबलीची मोटरसायकल, सगळं धुऊन पुसून मांडतात, गंध-फुलं वाहतात, नारळ फुटतो. आणि मग दसऱ्याचं सोनं लुटेपर्यंत त्याला कोणी शिवत नाही. वर्षभर राबलेलं हत्यार एक दिवस निजतं. साडेअकराला सुशीलाचा फोन वाजला.

“वैनी, वकिलांचो फोन इल्लो,” बाबलीचा आवाज पहिल्यांदाच गोड नव्हता. “तिमाहीचा पत्रक आजच व्हया, दोन वाजायच्या आत. उद्यापासून ते भायरगावी. नाय पोचला तर दंड.”

“मग कॉम्प्युटर चालू करा. काल रात्रीच सगळं तयार करून ठेवलंय, शेवटच्या चार नोंदी तेवढ्या ऱ्हवल्यात.”

“आई करूक देना नाय.”

मागून चंद्रावतीबाईंचा आवाज आला, पूजेच्या दिवशीचा, ठाम. “कोयतो निजलो, टोचो निजलो, तराजू निजलो. ह्या काय वेगळा? वरीसभर राबता. तेच्यार हळदकुंकू घातलंय, हार घातलंय. आता उद्या सोना वाटल्याशिवाय उठवूचा नाय.”

“आजी, मी पटकन करून देते. पाच मिनिटांचं काम आहे.” हा नवा आवाज. शुद्ध, मुलाखतीला जावं तसा. समीक्षा. सुशीलाने फोन कानावर दाबला. पाच मिनिटांचं काम म्हणे. चार नोंदी, त्याही कुठल्या सदरात जातात हे तिला कोण सांगणार? आणि पाच मिनिटांत जमवलंन तर? उद्या मुहूर्त, उद्या खुर्ची.

“हात लावू नको गो, चेडवा,” चंद्रावतीबाई म्हणाल्या. “बी.कॉम. झालंस म्हणान काय झाला? हात तो हातच.”

आणि त्या वाक्यापाशी सुशीला थांबली.

“भावजी, फोन आईंकडे द्या,” ती म्हणाली. “आई, माका नीट सांगा. नियम काय? यंत्र चालाचा नाय, की यंत्राक हात लावूचो नाय?”

दुकानात प्रसादाला तांडेल जमले होते. खोबरं चावायचा आवाज थांबला.

“हात लावूचो नाय,” चंद्रावतीबाई विचार करून म्हणाल्या. “माझ्या आजेसासवेपासून असाच आसा. पुजलेल्या हत्याराक मनशाचो हात लागूचो नाय.”

“मग माझो हात खंय आसा?”

चंद्रावतीबाई हळूच म्हणाल्या, “तुझो हात सावंतवाडीक.”

“आसा ना?”

“थांब,” चंद्रावतीबाई सावध झाल्या. “तुझ्या थंयच्या कॉम्प्युटराची पूजा केलंस?”

सुशीलाने बघितलं. सकाळपासून पुरणाच्या गडबडीत तिने अजून फूल वाहिलं नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा दिरंगाई कामाला आली. “नाय. ऱ्हवली आसा.”

“मगे ता उघडा आसा. चलात. हयचा ह्या नुसता दाखवतला. दाखवूक काय कष्ट?”

“पण चालू कोण करतलो?” बाबलीचा आवाज.

“बटान भिंतीर आसा,” चंद्रावतीबाईंनी निकाल दिला. “भिंत काय हत्यार नाय.” आणि खट्ट आवाज आला. नितेशच्या कृपेने वीज आली की ते आपसूक उठत होतं. उठलं. सुशीलाने पेन घेतलं.

“लिव गो. धा विसा नि तीन. टिंब. भोपळो. टिंब. पाच विसा नि तेरा. टिंब...” आवाज थांबला. “शेवटचो दिसणा नाय. तेच्यार झेंडू इलो हा. हाराचो.”

“झेंडू बाजूक करा, आई.”

“हार यंत्राक बांधललो आसा. हात लागात.”

दुकानात चर्चा सुरू झाली. कोणी म्हणालं काडीने सरकवा, कोणी म्हणालं काडी धरणारा हातच. समीक्षाने पट्टी सुचवली, ती मोजायचं हत्यार म्हणून बाद झाली. मग फोनमधून एक लांबलचक फुंकर ऐकू आली. वर्षानुवर्षं चुलीतला ओला नारळाचा काथा पेटवलेल्या बाईची फुंकर ती. सावंतवाडीपर्यंत वारा आल्यासारखं वाटलं.

“सात विसा नि एक,” चंद्रावतीबाई दम घेत म्हणाल्या.

सुशीला आत गेली. फोन तसाच टेबलावर ठेवला. पहिली नोंद. दुसरी. पलीकडे हार घातलेल्या, हळदकुंकू लावलेल्या यंत्रावर बाण एकटाच हलत होता, आणि मागून एक तांडेल, पंचवीस वर्षं वादळं खाल्लेला, हळूच म्हणाला, “कोण नसताना चलता रे.” त्याने हात जोडले असावेत, कारण चंद्रावतीबाई म्हणाल्या, “पाया पडा नको. माझी सून ती.”

तिसरी नोंद चालू असताना वीज गेली. टीं टीं टीं. आता म्हातारी यूपीएस निजवणार. फोनजवळ बांगड्यांची किणकिण आली, अगदी जवळ.

“रड,” चंद्रावतीबाई यूपीएसला म्हणाल्या. “रड हवो तेवढो. पण आज तुका निजवचंय नाय. सूनबाय आत आसा.”

तो रडत राहिला. चौथी नोंद झाली, पत्रक तयार झालं, ई-मेलने कुडाळला निघालं. वकिलांचा ‘पोचलं’ असा निरोप आला तेव्हा टीं टीं ची एकच लांब टीं झाली आणि पडदा काळा पडला. सुशीला खुर्चीत मागे टेकली.

“वैनी,” बाबली शेवटी म्हणाला. “ह्या आज हयसर कोणी बसलेला माणूस करू शकला नसता.” दिराच्या तोंडून असं वाक्य सरळ बाहेर पडलं, याचा त्यालाच धक्का बसला असावा, लगेच म्हणाला, “समीक्षा गल्ल्यावर बसात. माका दुपारी जेवाक वेळ गावना नाय.”

समीक्षा गल्ल्यावर बसली, आणि चांगली निघाली. गल्ल्यावरून उठून ती कधीमधी सुशीलालाच फोन करते, घसारा म्हणजे नेमकं काय ते विचारायला. पुस्तकात आहे म्हणते, पण कळत नाही.

दिवाळीत सुशीला मालवणला आली. पाडव्याच्या सकाळी दुकानात गेली, भेंडोळ्यांमधून वाट काढली, आणि तिला तिची खुर्ची दिसली. आखूड पायाखाली शिसं होतं तसंच होतं. चौघडी मात्र नवीन. चंद्रावतीबाईंच्या ठेवणीतल्या लुगड्याची, काठ वर आणून शिवलेली. त्या स्वतः शेजारच्या स्टुलावर. इतके महिने रोज तिथे येऊन बसणारी बाई, पण खुर्चीत बसलेली कोणी बघितली नव्हती.

सुशीला बसली. काही बोलावं असं वाटलं, म्हणून तिने चष्मा पुसला.

नऊ वाजले आणि दुकानाचा फोन वाजला. चंद्रावतीबाईंनी उचलला, ऐकलं, आणि पडद्याकडे पाठ फिरवून सावकाश सांगितलं, “चार विसा नि अकरा. होय. उलटो लावा. दिवाळीच्या शुभेच्छा.”

“कोण?” सुशीलाने विचारलं.

“तुझे भाई. तू थंय नाय म्हणान हंय फोन केल्यानी.”

सुशीलाने पडद्याकडे बघितलं. “आई, पण आकडो तो नाय. एक्क्याण्णव खंय आसा?”

“ता कालच्या सुरमयचा वजन सांगलंय,” चंद्रावतीबाई म्हणाल्या. “घरचो आकडो भायल्याक कित्याक सांगू?” मग त्यांनी चष्मा लावला, पडद्यापाशी वाकल्या, सुनेच्या खांद्यावर हात टेकला आणि तिच्या कानाशी आवाज खाली आणून म्हणाल्या, “लिव गो. धा विसा नि तीन. टिंब. भोपळो.”

आकडा समोर पडद्यावर होता, सुशीला त्याच्यापासून एका हाताच्या अंतरावर बसली होती, आणि आज तो कशालाच लागणार नव्हता. तिने पेन घेतलं.

“धा विसा नि तीन,” ती मोठ्याने परत म्हणाली. “भोपळो. पुढे सांगा.”